तरिफाहून टँजिअरला फेरीने जायचंय? आधी व्हिसा बघा, मग वारा, तिकीट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या आई असे चौघं, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात स्पेन, माद्रिद-सेविया-ग्रनाडा-मालागा, नऊ रात्री. शेवटच्या दिवशी सकाळी तरिफाहून फेरी पकडून मोरोक्कोतलं टँजिअर बघायचं, संध्याकाळी परत यायचं आणि रात्री मालागाहून फ्लाइट. भाड्याची गाडी असेलच तर तीच बोटीत घालून नेऊ का, हेही विचारलंय. शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, अजून काढायचाय.

मी टूर मॅनेजर आहे, डोंबिवलीचा, स्पेन-पोर्तुगाल-मोरोक्कोचे ग्रुप घेऊन जाण्यात बारा-तेरा वर्षं गेली, स्पेन-मोरोक्कोमधली ही जिब्राल्टरची सामुद्रधुनी किती वेळा ओलांडली ते मोजणं कधीच सोडून दिलंय. तर आधी एकच गोष्ट सांगतो आणि मग बाकीचं. शेवटच्या दिवशी हे करू नका. अजिबात नाही. फेरी आणि इंटरनॅशनल फ्लाइट एकाच तारखेला ठेवणारा माणूस एकतर पहिल्यांदा जातोय किंवा त्याला अजून लेवांते भेटलेला नाही. लेवांते कोण ते खाली येतंच.

पण वाऱ्याच्याही आधी व्हिसा. टँजिअरला जाणं म्हणजे नुसतं समुद्र ओलांडणं नाही, तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडताय आणि संध्याकाळी परत आत येताय, म्हणजे एका ट्रिपमध्ये तुमच्या दोन एंट्र्या होतात. व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीची संख्या लिहिलेली असते, तिथे ०१ आहे, ०२ आहे की मल्ट (मल्टिपल, म्हणजे कितीही वेळा) आहे ते बघायचं. ०१ असेल तर तरिफाहून बोटीत बसलात की तो व्हिसा संपला, मग त्याच्यावर अजून वीस दिवस शिल्लक दिसत असले तरी. आणि गंमत म्हणजे जाताना कुणी अडवेलच असं नाही, देशाबाहेर जाणाऱ्याला कोण कशाला अडवतंय, अडकणार ते येताना, तेव्हा हॉटेलच्या रूमवर बॅगा युरोपात आणि आपण आफ्रिकेत.

माझ्याच एका ग्रुपमध्ये हे व्हायचं थोडक्यात राहिलं. एका काकांचा व्हिसा त्यांच्या मुलाने परदेशातून वेगळा काढला होता, बाकी सगळ्यांचे एकत्र काढलेले, आणि मी मुंबईला रूमिंग लिस्ट बघत बसलो, स्टिकर बघितला नाही. फेरीच्या आदल्या रात्री सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून चाळत होतो तर काकांचा ०१. चूक माझीच होती. शेवटी काकू ग्रुपबरोबर आफ्रिका बघून आल्या आणि काका दिवसभर तरिफाच्या किल्ल्याजवळ बाकावर बसून आइस्क्रीम खात होते. संध्याकाळी काकूंनी जे फोटो दाखवायला सुरुवात केली ते विमानात बसेपर्यंत चालू होतं. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच स्टिकर बघतो.

तुमचा व्हिसा काढायचाच आहे तर काम सोपं आहे. फॉर्ममध्ये मल्टिपल एंट्री मागा, कव्हर लेटरमध्ये स्वच्छ लिहा की अमुक तारखेला टँजिअरला जाऊन अमुक तारखेला स्पेनला परत येणार, आणि टँजिअरच्या हॉटेलचं कॅन्सल होणारं बुकिंग जोडा. मागितलं की मिळेलच असं नाही, पण न मागता मिळेल या आशेवर राहू नका. आणि चौघांचे व्हिसा हातात आल्यावर चारही स्टिकर वेगवेगळे वाचा, एकाच घरात तिघांना मल्ट आणि एकाला ०१ हे होऊ शकतं.

मोरोक्कोचा व्हिसा वेगळा. भारतीय पासपोर्टला तो लागतोच. त्यांचा ई-व्हिसा आहे, २०२२ पासून, सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, एकाच एंट्रीचा असतो आणि जास्तीत जास्त तीस दिवस राहता येतं. त्याचा कागदावर प्रिंट घ्या, प्रत्येकाचे दोन, फोनमधला पीडीएफ दाखवायच्या नेमक्या वेळी फोन रोमिंग शोधत बसतो. शेंगेन आल्यावर हा काढा. आणि नावाचं सांभाळा. आपल्या आई-काकूंच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव कधी गिव्हन नेममध्ये असतं कधी आडनावाचा रकाना रिकामाच असतो, तर पासपोर्टवर जसं छापलंय तसंच ई-व्हिसावर आणि तसंच फेरीच्या तिकिटावर, प्रेमाने घरात काय म्हणतात ते नाही.

आता वारा.

तरिफा हे युरोपच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. समोर आफ्रिका इतकी जवळ की चांगल्या हवेत डोंगरावरच्या घड्या दिसतात, सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद आहे तिथे जेमतेम १४ किलोमीटर. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे ही चिंचोळी वाट, त्यामुळे वारा नरसाळ्यातून सोडल्यासारखा येतो. गावात दोनच वारे मानतात, पूर्वेकडून येतो तो लेवांते आणि पश्चिमेकडून येतो तो पोनिएंते, आणि गावातला माणूस सकाळी दार उघडून आज कोण आलाय ते बघतो. पोनिएंते त्यातल्या त्यात बरा. लेवांते एकदा बसला की दोन-दोन, कधी चार-चार दिवस हलत नाही. आजूबाजूच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या आणि जगभरचे काइटसर्फिंगवाले तिथे येऊन उगाच नाही राहत.

लेवांतेत समुद्र एवढा का खवळतो त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे ऊन पडलेलं असताना बोट रद्द का केली म्हणून काउंटरवर भांडणार नाही. भूमध्य समुद्रात पाण्याची वाफ भरपूर होते आणि नद्यांचं पाणी त्यामानाने कमी येतं, ती तूट भरायला अटलांटिकचं पाणी सामुद्रधुनीतून वरच्या थराने सारखं आत वाहत असतं, पश्चिमेकडून पूर्वेकडे. (खालून जड खारट पाणी उलट बाहेर जातं, ते आपल्याला बोटीतून दिसत नाही.) आता पाणी चाललंय पूर्वेला आणि लेवांते येतोय पूर्वेकडून, म्हणजे समोरासमोर. लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना समोरून वारा आला की होडी कशी आपटते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, तेच प्रकरण, फक्त मोठ्या प्रमाणावर.

तरिफाहून ज्या बोटी जातात त्या जलद, हलक्या, कॅटामरान टाइपच्या, आणि वारा वाढला की पहिल्यांदा त्याच बंद होतात. बंदराच्या तोंडाशी धक्क्याच्या टोकाला येशूचा उंच पुतळा आहे, त्याच्या पायाशी लाटा फुटून पाणी वर उडायला लागलं की मी ग्रुपला सांगतो, कॉफी घ्या, आज बसने अल्हेसिरास. कारण वीस-बावीस किलोमीटरवर अल्हेसिरासचं बंदर खाडीत आत आहे, तिथून मोठ्या जड बोटी जातात आणि तरिफा बंद असलं तरी त्या बऱ्याचदा चालू असतात. फेरी कंपन्या अशा वेळी बहुतेकदा तेच तिकीट अल्हेसिरासवर फिरवून देतात, पण त्यात तुमचा अर्धा दिवस जातो हे धरून चाला. फार जोर असेल तर सगळंच बंद.

हे आपल्याला नवीन नाहीये खरं तर. गेटवेहून मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, भाऊच्या धक्क्याहून मोठी रो-रो त्यातल्या त्यात चालते, हे माहीत असलेला माणूस तरिफा-अल्हेसिरास गणित पाच मिनिटांत समजतो. फरक इतकाच की तिथे पावसाळ्यासारखा ठरलेला सीझन नाही, लेवांते एप्रिलमध्ये येतो, ऑगस्टमध्ये येतो, त्याला वाटेल तेव्हा येतो. स्पेनच्या हवामान खात्याचा, आएमेतचा, समुद्राचा अंदाज तीन दिवस आधीपासून बघत राहा, आदल्या संध्याकाळी कंपनीच्या साइटवर बोट चालू आहे ना ते बघा, आणि सकाळी निघायच्या आधी परत.

म्हणून शेवटचा दिवस नाही. ट्रिपच्या मधे घ्या. माझ्या हातात असतं तर मी असं लावलं असतं: माद्रिद, तिथून जलद ट्रेनने अडीच तासांत सेविया, सेवियाहून गाडी घेऊन तरिफा, साधारण दोनशे किलोमीटर, रात्री तरिफात झोपायचं, सकाळच्या बोटीने टँजिअर, एक रात्र टँजिअरमध्येच, दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने परत, मग ग्रनाडा आणि शेवटी मालागा. असं केलं तर लेवांते आला तरी टँजिअरचा एक दिवस इकडेतिकडे होतो, फ्लाइट जात नाही. फक्त ग्रनाडाच्या अलहंब्रा किल्ल्याची तिकीटं नावावर असतात, आतल्या राजवाड्याची वेळ ठरलेली असते आणि ती खूप आधी संपतात, म्हणून फेरीहून परत यायचा दिवस आणि अलहंब्राचा दिवस यांच्यात एक मोकळा दिवस ठेवा. नाहीतर एक बोट चुकली की अलहंब्रापण गेला. अजून एक, सेवियाची मोठी जत्रा, फेरिया, ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी असते, तुमच्या तारखांवर ती येत्येय का बघा, त्या आठवड्यात हॉटेलचे रेट ऐकून घाम फुटतो.

एक रात्र टँजिअरला का, डे ट्रिप का नको? डे ट्रिप होते, आम्ही ग्रुपची तशीच करतो, पण ती म्हणजे उतरा, गाइड, बाजार, जेवण, गालिच्याच्या दुकानात पाऊण तास पुदिन्याचा चहा, आणि परत पळा. बहात्तर वर्षांच्या माणसाला एका दिवसात दोन बोटी, चार तपासणी रांगा आणि मधे चढउताराच्या गल्ल्या हे जास्त होतं. तुम्हाला कुणाचा झेंडा धरून पळायचं नाहीये तर कशाला.

बंदर कुठलं? पलीकडेही दोन बंदरं आहेत आणि इथे लोक हमखास फसतात. तरिफाची बोट टँजिअर विल ला जाते, म्हणजे शहराच्या जुन्या बंदरात, उतरलात की वर मदिना, म्हणजे जुनं शहर, दिसते, चालत दहा-पंधरा मिनिटं. अल्हेसिरासची बोट टँजिअर मेदला जाते, ते प्रचंड मालवाहतुकीचं बंदर आहे, शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब. २०१० मध्ये तिथलं पॅसेंजर टर्मिनल सुरू झालं आणि अल्हेसिरासच्या बोटी तिकडे गेल्या. बुकिंगच्या साइटवर दोन्हीकडे मोठ्या अक्षरात टँजिअर लिहिलेलं असतं, तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतलं की मग मेदहून शहरात यायला टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत बसा. तुम्ही तरिफा–टँजिअर विल घ्या, बोट एक तासाची आहे, अल्हेसिरास हा प्लॅन बी. सेउता म्हणून तिसरा पर्याय कुणीतरी सुचवेल, ते आफ्रिकेतलं स्पेनचंच शहर आहे, तिथे उतरून पायी सीमा ओलांडून पुढे जाता येतं, पण आई बरोबर असताना त्या सीमेवरच्या रांगेत उभं राहायचं काहीएक कारण नाही.

गाडी नेऊ नका. स्पेनमधल्या भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेकदा मोरोक्कोला मनाईच असते, तरी नेली आणि तिकडे काही झालं तर विमा हात वर करतो, शिवाय पलीकडे गाडीची तात्पुरत्या आयातीची कागदपत्रं करावी लागतात. तरिफात बंदराजवळ पार्किंगला लावा, आत काही दिसेल असं ठेवू नका, आणि छोटी बॅग घेऊन जा. मोठ्या बॅगा तरिफाच्या हॉटेलवाल्याला विचारा, परतताना तिथूनच जाणार म्हटल्यावर बहुतेक जण ठेवून घेतात.

घड्याळ. एप्रिलमध्ये स्पेनचं घड्याळ एक तास पुढे गेलेलं असतं आणि मोरोक्कोने २०१८ पासून वर्षभर एकच वेळ धरलीय, म्हणून स्पेनपेक्षा तिकडे एक तास मागे. तरिफाहून दहाला निघालात की टँजिअरला दहालाच पोचता, मुलीला हे फार आवडेल. पण येताना उलटं, चारला निघालात तर पोचायला सहा वाजतात, आणि पुढे मालागा गाठायचं असेल तर अजून दोन तासांची गाडी. हिवाळ्यात दोघांची वेळ सारखी असते, आणि रमजानमध्ये मोरोक्को परत एक तास मागे जातं, सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चकडे येतोय तेव्हा एप्रिलमध्ये तुम्हाला त्याचा प्रश्न नाही.

आता यातली खरी मेख. तरिफात बसलेला फोन कधीकधी समोरच्या मोरोक्कोच्या टॉवरला चिकटतो आणि गुपचूप वेळ बदलतो. माझे एक गेस्ट हॉटेलवर अलार्म लावून झोपले, उठले ते एक तास उशिरा, सगळा ग्रुप बसमध्ये बसून त्यांच्या नावाने शंख करतोय. वर रोमिंगचं बिल. तरिफात पोचलात की वेळेचं ऑटोमॅटिक सेटिंग बंद करा, नेटवर्क हाताने स्पेनचं निवडा, आणि कुणाच्या तरी मनगटावर एक साधं घड्याळ असू द्या.

बंदरावर दीड तास आधी. ऑनलाइन तिकीट असलं तरी बऱ्याचदा काउंटरवर पासपोर्ट दाखवून बोर्डिंग कार्ड घ्यावं लागतं, मग बॅगांचं एक्सरे, मग स्पेनचे पोलिस. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवीन एंट्री-एक्झिट सिस्टिम आणली, शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरमध्ये फोटो-ठशांसकट नोंद, त्यामुळे रांग कधी सरसर सरकते कधी एकाच माणसापाशी दहा मिनिटं थांबते. बंदराबाहेर फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पुढे आला तर नको म्हणा, मदत फुकट नसते.

मोरोक्कोचं इमिग्रेशन कधी बोटीवरच असतं कधी उतरल्यावर, चढताना कर्मचाऱ्याला पहिला प्रश्न तोच विचारा. बोटीवर असेल तर एका कोपऱ्यात टेबल टाकून पोलिस बसलेला असतो, बोट सुटायच्या आधीच तिथे रांग लागते, आणि आपली माणसं काय करतात, आधी खिडकी पकडतात, मग डॉल्फिन दिसतात का बघायला डेकवर, मग कॉफी. माझ्या ग्रुपमधले सहा जण असेच डेकवर राहिले, बोट लागली तरी त्यांचे शिक्के व्हायचे होते, बाकीचे तीस जण खाली बसमध्ये उकडत होते. तेव्हा आधी रांग, आईंना खुर्चीत बसवा, एकाने चारही पासपोर्ट आणि ई-व्हिसाचे प्रिंट धरून उभं राहा, नंबर आला की त्यांना उठवा. मग उरलेला वेळ समुद्र बघा. जाताना डावीकडची खिडकी धरा, आफ्रिकेचा किनारा तिकडे दिसतो, मागे उंच सुळका दिसेल तो जबल मूसा, ग्रीक कथांतल्या हर्क्युलिसच्या दोन खांबांपैकी आफ्रिकेतला खांब म्हणून बहुतेक जण त्यालाच धरतात, दुसरा जिब्राल्टर. आणि मधे आडवी जाणारी मोठमोठी मालवाहू जहाजं दिसतील. ती आपापल्या ठरलेल्या लेनमधून जातात आणि फेरी त्या लेन शक्यतो काटकोनात ओलांडते, हायवे क्रॉस करतो तशी. मुलीला कप्तान व्हायचं असेल तर हे दाखवा.

बोट लागण्याचं. पोनिएंतेच्या शांत दिवशी काही होत नाही. थोडा जरी लेवांते असेल तर मधल्या भागातल्या, शक्य तेवढ्या खालच्या सीट घ्या, पुढच्या टोकाला अजिबात नको, तिथे बोट सगळ्यात जास्त आपटते. ॲव्होमिन घ्यायची असेल तर निघायच्या आधी घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर नाही, आणि आईंच्या ब्लडप्रेशरच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना निघायच्या आधी विचारून ठेवा कारण तिने झोप येते. उपाशी पोटी बसू नका, भरल्या पोटीही नको. माझ्या खिशात आलेपाक असतोच, त्याने काय होतं माहीत नाही पण लोक शांत बसतात.

पलीकडे पैसे. दिरहम भारतातून घेऊन जायचा प्रयत्न करू नका, ते चलन देशाबाहेर न्यायला-आणायला २००० दिरहमची मर्यादा आहे, बाहेर नीट मिळतही नाही. युरो न्या, टँजिअरला उतरून बदला, एका युरोचे ढोबळमानाने दहा-अकरा दिरहम, पावती ठेवा, आणि लागेल तेवढेच बदला. शहरात फिरायला छोट्या निळ्या टॅक्सी, पेती टॅक्सी म्हणतात, मीटर चालू करायला सांगा. ड्रोन असेल तर तो स्पेनमध्येच ठेवा, मोरोक्कोत आणायला बंदी आहे आणि बंदरावर काढून घेतात.

टँजिअरमध्ये एक गोष्ट मराठी माणसाने बघावीच असं मला वाटतं. इब्न बतूता या गावचा, १३०४ मधला जन्म, एकविसाव्या वर्षी इथूनच हजला म्हणून निघाला आणि फिरत फिरत दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला, पुढे आपल्या दौलताबादला आला, नंदुरबारला आला, मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. मदिनेत एका अरुंद गल्लीत त्याची म्हणून दाखवतात ती छोटीशी कबर आहे, विमानतळालाही त्याचंच नाव. मी ग्रुपला तिथे नेऊन म्हणतो, हा माणूस व्हिसाशिवाय देवगिरीला आला होता. आईंना गल्ल्या चढायला जड जात असेल तर टॅक्सीने थेट कसबाच्या, म्हणजे वरच्या जुन्या किल्ल्याच्या, दारापर्यंत जा आणि मग उताराने खाली चालत या, उलटं करू नका.

शाकाहारी असाल तर सांगतो, भाज्यांचा ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) मागितला तरी रस्सा मटणाचा असू शकतो, हरिरा सुपातही मांस असू शकतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. पण बिसारा मिळतं, सुक्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरं, गरम ब्रेडबरोबर. म्हणजे आपल्या पिठल्याचा चुलतभाऊच. सकाळी साध्या टपरीवर मिळतं, माझ्या ग्रुपमधल्या आज्ज्यांनी त्यावर लसणाची फोडणी हवी होती एवढीच तक्रार केलीय आजवर.

परत येताना दिवसाची शेवटची बोट घेऊ नका, तिच्या आधीची घ्या, म्हणजे ती रद्द झाली तर हातात एक राहते. आणि युरोपात शिरताना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हे मुंबईहून जातानाही लागू आहे पण तिथे नशिबाने कुणी बघत नाही, तरिफाला मात्र मोरोक्कोहून आलेली बोट म्हणून बॅगा उघडतात. एका काकूंनी सोलापूरहून आणलेली साजूक तुपाची बाटली, माद्रिदपासून सगळीकडे फिरून आलेली, तरिफाच्या टेबलावर निघाली आणि कचऱ्याच्या डब्यात गेली. काकू त्या पोलिसाला मराठीत समजावत होत्या की घरचं आहे, घरचं आहे. तर तूप, पेढे, खव्याचं काही असेल ते मोठ्या बॅगेबरोबर स्पेनमध्येच राहू द्या.

तारखा पुढेमागे होऊन उन्हाळ्यात गेलात तर वेगळा विचार करावा लागेल. १५ जून ते १५ सप्टेंबर युरोपात राहणारे मोरोक्कन लोक गाड्या भरभरून गावी जातात, सगळी बंदरं मिळून तीस लाखांच्या वर माणसं त्या तीन महिन्यांत जा-ये करतात. गाडीवाल्यांचे हाल जास्त असतात, पायी जाणाऱ्यांचं त्यातल्या त्यात चालून जातं, पण तिकीट आधीच काढावं लागतं. एप्रिलमध्ये पायी चौघांना दोन-तीन दिवस आधी काढलं तरी सहसा मिळतं, म्हणून मी म्हणेन वाऱ्याचा अंदाज बघूनच काढा, किंवा आता काढायचं असेल तर तारीख बदलता येईल असं.

आईंसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच कंपनीला कळवा, बोटीवर चढायचा रॅम्प भरती-ओहोटीप्रमाणे कधी सपाट असतो कधी चांगलाच चढा. व्हिसा हातात आले की स्टिकरवर काय लिहिलंय ते इथे सांगा, मग बोटीची वेळ ठरवू.